मधल्या जागेतले चेंडू

२९ सप्टेंबर, सोमवार

“चेंडू जिथे उचलला, तिथे टिंब ठेवायचं,” पद्माकरकाका मला म्हणाले होते. लग्न होऊन मी नुकतीच लीड्सला आले होते. उदय शहराबाहेरच्या एका क्लबाकडून क्रिकेट खेळायचा आणि मी थर्मासमधला चहा सांभाळत स्कोअररच्या खोलीत बसायची. काका आमच्या क्लबाचा स्कोअर लिहायचे, पण हात थरथरायला लागला होता, म्हणून मैदानाच्या नकाशावरची टिंबं त्यांनी माझ्याकडे सोपवली. फटका कुठे गेला ते दाखवायला बॅटपासून रेघ काढायची आणि क्षेत्ररक्षकाने चेंडू उचलला तिथे ती संपवायची. शेजारच्या खुर्चीत समोरच्या संघाचे स्कोअरर बसलेले असायचे, उल्हासदादा. आज ते माझे बॉस आहेत.

काका आठवले कारण दादांनी आज एक काम दिलं. पुढच्या मोसमात चार नवी माणसं घ्यायची आहेत, त्यांना शिकवण्यासाठी धडा तयार करायचा. “तू लिही. तुझं मराठी, इंग्रजी, सगळंच माझ्यापेक्षा समजतं लोकांना,” म्हणाले.

मी नोकरी काय करते हे सांगताना अजून जीभ अडखळते. किर्कस्टॉल रोडवर कार्पेटच्या दुकानावर आमची खोली आहे. तिथे बसून आम्ही जपानमधल्या व्यावसायिक बेसबॉलचे सामने बघतो. तिकडे संध्याकाळी सामना सुरू होतो तेव्हा इथे सकाळचे दहा वाजतात. प्रत्येक फटक्याला एक टिंब ठेवायचं, फटक्याची जात लिहायची, चेंडू हवेत किती वेळ होता ते लिहायचं. मोठ्या मैदानांवर आता यंत्राचे कॅमेरे आहेत, तरी सगळ्यांना एकाच मापाने तोलायला माणसाच्या डोळ्यांची टिंबं लागतात, असं दादा म्हणतात. तीन क्लब आमचे आकडे विकत घेतात.

आमच्यापैकी बहुतेक जण क्रिकेटच्या स्कोअररच्या खोलीतून आले आहेत. दादांना त्याचा अभिमान आहे.

३० सप्टेंबर, मंगळवार

धडा लिहायला घेतला. पहिला परिच्छेद असा जमला:

‘पूर्वी क्षेत्ररक्षकाच्या फक्त चुका मोजत. हातात आलेला चेंडू सुटला, फेक चुकली, की एक चूक. पण जो चेंडूपर्यंत पोचतच नाही, त्याच्या हातून काय सुटणार? आळशी माणूस वर्षभर एकही चूक न करता खेळू शकतो. म्हणून आपण मैदानाचे लहान लहान चौकोन पाडतो. अमुक चौकोनात, अमुक जातीचा फटका दहा क्षेत्ररक्षकांपैकी साधारण किती जण झेलतात ते आपल्याला माहीत असतं. सात जण झेलतात तो चेंडू तुमच्याकडून राहिला, तर तुमच्या नावावर सात दशांश वजा. झेललात तर तीन दशांश जमा. वर्षाच्या शेवटी त्याच्या धावा करायच्या: या माणसाने संघाच्या इतक्या धावा वाचवल्या किंवा घालवल्या.’

दादांनी वाचलं. “आळशी माणूस काढून टाक. क्लबवाल्यांना लागेल ते,” म्हणाले. मी काढलं नाही.

आता उदाहरणाला दोन व्हिडिओ हवेत. चांगल्याला निशिमोरी घेणार, सगळ्यांचाच लाडका. वाईटाला कुरोसे. दोघेही सेंटर फील्डर, मैदानाच्या मधोमध मागे उभे राहणारे. निशिमोरी नऊ धावा जमा, कुरोसे अकरा धावा वजा, यादीत अगदी तळाला.

घरी आले तर उदय आणि तनूचं वाजलेलं. गेला महिनाभर रोज चाललंय. “बाबा माझा रूममध्ये येतो, नॉक पण नाय करत,” तनू जिन्यावरून ओरडली. उदय खाली आला, त्याचे कान लाल झालेले. पंधराव्या वर्षी मुलीच्या खोलीत असं रोज जाऊ नये हे त्याला कोण सांगणार? तनूच्या सगळ्या तक्रारी त्याच्या नावावर आहेत. माझ्या नावावर एकही नाही. तिला तिची मोकळीक हवी असते, मी देते.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

कुरोसेला क्लबने सांगून टाकलं की पुढच्या वर्षी तुझी गरज नाही. तिकडे या दिवसांत दरवर्षी हे होतं. मोसम संपत आला की एकेकाला बोलावून घेतात, सूट घालून जायचं, पाच मिनिटांत बाहेर यायचं. बातमीत कारण दिलं होतं: फलंदाजी बरी आहे, पण मैदानावरची पोच संपली, आकडे तसं सांगतात.

आकडे म्हणजे आमचे. ऑफिसात नकुल म्हणाला, “बघा, आपलं ऐकतात तिकडे.” नागपूरहून येऊन त्याला वर्षच झालंय, त्याला भारी वाटणं साहजिक आहे. मलाही किंचित वाटलं. ते लिहून ठेवते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

चहा केला आणि ओट्यावरच विसरले.

सकाळी धड्यासाठी कुरोसेचा एक व्हिडिओ काढला. सेंटर आणि राइट फील्डर यांच्या मधली मोकळी जागा, तिथे पडलेला चेंडू. आमच्या नोंदीप्रमाणे सोपा, दहातल्या सहांनी झेलला असता असा. मग शेजारी दाखवायला निशिमोरीचा, त्याच मैदानातला, त्याच जागेतला शोधला. त्याच्याकडूनही तो राहिला होता, पण नोंद होती की हा कुणालाच जमला नसता. म्हटलं, छान, फरक समजावायला बरं.

दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी लावल्या. हवेत सारखाच वेळ. मागे कुंपणावर एका बिअरची जाहिरात आहे, दोन्ही चेंडू तिच्या पहिल्या अक्षरासमोर पडले. गवतावर, एकाच जागी. मी पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

मग पुढचं बघितलं. कुरोसे जीव तोडून धावला, झेल हुकला, पण पहिल्या टप्प्यालाच त्याने चेंडू अडवला आणि फेकला. फलंदाज पहिल्या बेसवरच राहिला. निशिमोरी रमतगमत गेला. चेंडू त्याच्या पुढून घरंगळत कुंपणापर्यंत पोचला, तिथे त्याने तो उचलला. फलंदाज तिसऱ्या बेसवर.

आणि आम्ही टिंबं कुठे ठेवली? चेंडू उचलला तिथे. कुरोसेचं टिंब त्याच्या जवळ, म्हणजे सोपा चेंडू राहिला. निशिमोरीचं टिंब कुंपणाला, म्हणजे बिचारा काय करणार.

टिंब चेंडू जिथे पडला तिथे हवं होतं. क्रिकेटमध्ये फटका कुठवर गेला ते दाखवायचं असतं, म्हणून उचलला तिथे. इथे झेल शक्य होता का ते मोजायचं आहे. इतकं साधं. दोन मोसम आम्ही अकरा जणं हे करतोय आणि कुणाच्याही मनात आलं नाही, कारण आमचे हात तसेच वळलेले.

जो जितक्या लवकर पोचला, तितकं त्याचं टिंब जवळ आलं, आणि तितकी त्याची वजाबाकी मोठी झाली.

मी खुर्चीतून उठले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. दुसरं काही सुचलं नाही.

८ ऑक्टोबर

कामाला गेले. टिंबं ठेवली. कुठे ठेवली ते विचारू नये.

१३ ऑक्टोबर, सोमवार

शनिवार-रविवार लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. कुरोसेचे आणि निशिमोरीचे मधल्या जागेत पडलेले सगळे चेंडू पुन्हा बघितले आणि पडले तिथे टिंबं ठेवली. दिवाळी आठवड्यावर आलीय, उदयने एकट्याने चकल्यांची भाजणी भाजली, करपवली, पुन्हा भाजली. मी वर बघितलं नाही.

कुरोसे: वजा अकरा नाही. सहा धावा जमा. निशिमोरी: दोन वजा.

तीनदा करून बघितलं. दर वेळी वाटायचं की माझीच कुठेतरी गफलत आहे, आत्ता सापडेल आणि मी हसेन. सापडली नाही. लीगमधल्या चांगल्या सेंटर फील्डरांपैकी एकाला आम्ही तळाला बसवलं, आणि त्याची नोकरी गेली.

उदयला सांगितलं. तो हात धुऊन आला, दोन्ही व्हिडिओ बघितले. क्रिकेट खेळलेला माणूस, त्याला एका मिनिटात कळलं. “अगं, हा तर धावलाय,” एवढंच म्हणाला.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

उल्हासदादांना सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत, त्यांच्या केबिनमध्ये. ते डब्यातली उसळ खात होते.

“दादा, टिंब चुकतंय.”

“कुणाचं?”

“आपलं. सगळ्यांचं. मधल्या जागेत पडलेल्या चेंडूंचं.”

त्यांनी चमचा खाली ठेवला. “दार लाव,” म्हणाले. मी लावलं. मग सगळं सांगितलं, बिअरची जाहिरात, कुंपण, सहा धावा. ते ऐकताना माझ्याकडे बघत नव्हते, डब्याच्या झाकणाकडे बघत होते.

“मला माहीत आहे,” ते म्हणाले.

मला वाटलं, मी सांगितलेलं पटलं असं म्हणताहेत. मी पुढे बोलत राहिले. त्यांनी हात वर केला.

“ऋजुता, मला जुलैपासून माहीत आहे. ओकुदाबाईंनी विचारलं होतं.” ओकुदाबाई म्हणजे कुरोसेच्या क्लबात आमचे आकडे बघणाऱ्या. “त्यांनी लिहिलं, कुरोसे आम्हाला मैदानावर बरा दिसतो, तुमच्याकडे इतका खाली कसा?”

“मग?”

“मग मी तीन चेंडू तपासले. चौथा तपासला नाही.”

“आणि त्यांना काय कळवलंत?”

“की डोळे फसवतात, म्हणूनच तर तुम्ही आम्हाला नेमलंत.”

मी बसलेच. खाली दुकानात कुणीतरी कार्पेट गुंडाळत होतं, त्याची धपधप ऐकू येत होती. हा माणूस काका गेले तेव्हा त्यांच्या मुलाच्या आधी हॉस्पिटलात पोचला होता. तनू लहान म्हणून बारा वर्षं मी घरी होते, कुणी मुलाखतीलासुद्धा बोलवत नव्हतं, तेव्हा यांनी फोन करून विचारलं होतं, येतेस का, टिंबं ठेवायची आहेत.

“एक चूक कबूल केली की तिन्ही क्लब दोन वर्षांचं सगळं परत करायला सांगतील,” दादा म्हणाले. “कंपनी महिनाभर टिकणार नाही. नकुलचा व्हिसा आपल्या पत्रावर आहे. तो परत नागपूरला. त्याच्या बायकोला सातवा महिना आहे, तुला माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

“पुढच्या मोसमापासून टिंब बरोबर ठेवू. धड्यात तूच घाल. पद्धत सुधारली म्हणून सांगू. तसं सगळेच करतात.”

“आणि कुरोसे?”

“तेहतीसचा आहे तो. आज नाही तर दोन वर्षांनी.”

“मी बेचाळीसची होते, दादा, तुम्ही मला घेतलंत तेव्हा.”

ते जरासे हसले. “तू मैदानावर धावत नव्हतीस.” मग उसळीचा डबा माझ्यापुढे सरकवला. “खा. तोंड बघ कसं झालंय तुझं.”

आणि मी खाल्ली. दोन चमचे खाल्ले. याचंच मला सगळ्यात आश्चर्य वाटतंय.

२२ ऑक्टोबर, बुधवार

आज पाडवा. उदयला ओवाळलं. फराळाला तनू खाली आली नाही. उदय ताट घेऊन वर गेला, नेहमीप्रमाणे आवाज चढले, मग हळू झाले.

खाली आल्यावर त्याने सांगितलं की सप्टेंबरपासून तनू शाळेत टॉयलेटमध्ये बसून डबा खाते. तिच्या मैत्रिणींनी तिला ग्रुपमधून काढून टाकलंय. उदय शाळेत जाऊन हेड ऑफ इयरला, तिच्या इयत्तेच्या प्रमुखांना, भेटूनही आलाय.

“तुला कधी कळलं?”

“तीन आठवडे झाले. चार वेळा दार आपटलं तिने माझ्या तोंडावर, पाचव्यांदा बोलली.”

“आणि मला का नाही सांगितलं तिने? माझ्याशी तर तिचं एकदाही भांडण झालेलं नाही.”

उदय चकलीचा तुकडा ताटात फिरवत राहिला. मी वर गेले. तनू हेडफोन लावून पडली होती. म्हटलं, काही हवंय का? “आय ॲम फाइन, आई.” तिचा मूड बघून मी दार अलगद लोटून घेतलं.

अशा वेळी तिला उगाच छेडू नये. हे उदयला अजून कळत नाही, तरी यावेळी नशिबाने त्याचं काम झालं.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

धडा पूर्ण केला. ‘चेंडू पहिल्यांदा जमिनीला लागला तिथे टिंब.’ दादांनी वाचला, सही केली, “उत्तम,” म्हणाले. कारण कुणी विचारलं नाही. नकुल तेवढा म्हणाला, “ऋजुताताई, मग आधीचं?” मी म्हटलं, सरांना विचार. तो विचारायला गेला नाही. त्याने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा कामाला लागला.

८ नोव्हेंबर, शनिवार

हे लिहू नये असं वाटतंय, पण लिहिते.

काढून टाकलेल्या खेळाडूंची एकत्र चाचणी असते. इतर क्लबांची माणसं येऊन बघतात, कुणाला पुन्हा घेतात, बहुतेकांना नाही. ती बुधवारी आहे. कुरोसे उतरणार आहे. त्याची एक छोटी मुलाखत सापडली. खाली इंग्रजी ओळी होत्या. एका शाळेच्या मैदानावर तो एकटाच भिंतीवर चेंडू मारून पकडत होता. पत्रकाराने विचारलं, तुम्हाला निर्णय अन्यायाचा वाटतो का?

तो टोपी काढून उभा राहिला. म्हणाला, “नाही. मला वाटायचं की मी पोचतोय. माझे पाय तसं सांगायचे. पण आकडे म्हणतात की नाही पोचत. इतकी वर्षं मी स्वतःच्या पायांवर विश्वास ठेवला, तो चुकीचा होता हे कळायला उशीर झाला.”

मग लाजल्यासारखा हसला. “चाचणीत सेंटरला उभा राहणार नाही. लेफ्टला राहीन. तिथे धावायचं कमी असतं.”

मी लॅपटॉप बंद केला. पुन्हा उघडला. त्याचे ते शब्द पुन्हा वाचले, भाषांतर चुकलं असेल म्हणून. नोकरी गेली ते मला समजलं होतं. त्याचे पायही आपण काढून घेतले, हे मला माहीत नव्हतं. तो खरोखर पोचत होता. मी बघितलंय. जगात चार-पाच जणांनी ते नीट बघितलं असेल आणि त्यातली एक मी आहे, लीड्समध्ये, स्वयंपाकघरात.

१० नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर दादांच्या केबिनसमोरून येरझाऱ्या घातल्या. आत गेले नाही. समोर गेले की ते मला खायला देतील आणि मी खाईन.

मी एकटीने तिकडे कळवून उपयोग नाही. ते कामावर चिडलेल्या बाईचं पत्र ठरेल. आकडे कंपनीचे आहेत, ते चुकले हे कंपनीनेच सांगायला हवं. आणि दादांच्या पाठीमागे मला काही करायचं नाही, एवढं मात्र नक्की.

नकुलचं काय? त्याच्या बायकोसाठी मीच डिंकाचे लाडू करून दिले होते गेल्या आठवड्यात. दादा खोटं बोलत नव्हते. अकरा घरं आहेत. मी त्यांच्या जागी असते तर चौथा चेंडू तपासला असता का, कोण जाणे.

ते नाही म्हणतील. इतकी वर्षं ओळखते त्यांना. आधी उत्तर देणार नाहीत, मग संध्याकाळी फोन करून तनूची चौकशी करतील, आणि शेवटी हळूच सांगतील की हे शक्य नाही. तरीही आत्ता हे लिहून त्यांना पाठवलं, जसंच्या तसं इथे उतरवते:

‘उल्हासदादा, परवा कुरोसेची चाचणी आहे. आपले आकडे घेणारे बाकीचे दोन्ही क्लब तिथे असणार, त्यांच्या हातात आपला वजा अकरा असणार. उद्या सकाळी आठला तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेले असतात, ओकुदाबाई ऑफिसातच असतात. मी साडेसातला येऊन दार उघडते. माझं नाव घ्या, टिंबं हिने ठेवली म्हणा, मला कामावरून काढलं म्हणा, मी नाकारणार नाही. पण फोन तुम्ही लावा, आणि कुणीतरी उद्याच्या उद्या त्या माणसाला निरोप द्यावा, की त्याचे पाय बरोबर होते, त्याने सेंटरला उभं राहावं.’